दुष्फेनाचे सुफेन

शास्त्रीय परिभाषेला मराठीने जी नेमकी आणि देखणी नावे दिली, त्यांत 'दुष्फेन' आणि 'सुफेन' या जोडीची गणना आम्ही आवर्जून करतो. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो ते सुफेन. ज्यात साबण झिजतो पण फेस धरत नाही ते दुष्फेन. नाव उच्चारताच त्याची कसोटीही कळावी, असे शब्द थोडे असतात. बोलण्यात आपण 'जड पाणी' म्हणतो. परंतु तो शब्द अणुशास्त्राने एका अगदी वेगळ्या द्रव्यासाठी राखून ठेवला आहे, आणि त्याचा एक प्रकल्प १९७० च्या दशकात आपल्या बडोद्याजवळच उभा राहिला. तेव्हा घोटाळा नको म्हणून या लेखात आम्ही 'दुष्फेन' हाच शब्द वापरणार आहोत.

विषय निघाला तो एका पत्रावरून. दांडिया बाजारातील जुने घर सोडून शहराबाहेरच्या एका नव्या सोसायटीत राहावयास गेलेल्या एका भगिनींनी आम्हांस लिहिले आहे. तेथे नळाचे पाणी अद्याप पोचलेले नाही. सारा कारभार बोअरच्या पाण्यावर. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ मऊ होत नाही, गीझर दुसऱ्यांदा जळाला, नळाच्या तोट्यांवर पांढरी पुटे चढली. आता सोसायटीच्या सभेत घरोघर पाण्याचा सॉफ्टनर बसविण्याचा ठराव यावयाचा आहे. भगिनींची अडचण अशी की, घरी सासूबाईंना रक्तदाबाचा विकार आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले आहे, आणि या यंत्रात तर पोत्याने मीठ ओतावे लागते असे त्या ऐकतात. "हे सगळे मीठ जाते तरी कुठे?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न साधा आहे, पण या यंत्राचे सारे शास्त्र आणि त्याच्या वापरातील सारा विवेक त्यात सामावला आहे.

पाणी दुष्फेन का होते

पावसाचे पाणी मुळात सुफेन. ते जमिनीत मुरते, मातीतील व खडकांतील चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते आणि दुष्फेन होते. जितका मुक्काम खोल आणि लांबचा, तितके क्षार अधिक. म्हणून नदी-तलावाच्या पाण्यापेक्षा खोल बोअरचे पाणी बहुधा अधिक दुष्फेन असते.

या बाबतीत जुने बडोदे भाग्यवान म्हटले पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहराच्या पूर्वेस आजव्याला धरण बांधून जो सयाजी सरोवर निर्माण झाला, त्याचे पाणी शहरास मिळू लागले आणि विहिरी-वावींवरचा भार हलका झाला. पुढे मही नदीच्या पात्रातील फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा येथील फ्रेंच पद्धतीच्या विहिरींचे पाणी आले. हे पाणी पिऊन ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना 'डाळ न शिजणारे पाणी' ही गोष्ट ऐकूनच माहीत होती. शहर चोहोबाजूंनी वाढले, नळ मागे राहिले आणि वस्ती पुढे गेली. त्या पुढे गेलेल्या वस्तीत बोअरचे पाणी आले.

दुष्फेनता मोजण्याची रीत अशी की, सर्व क्षार चुनखडीच्या रूपात आहेत असे मानून एका लिटरमध्ये ते किती मिलिग्रॅम भरतात ते सांगावयाचे. स्थूलमानाने ६० पर्यंत सुफेन, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत दुष्फेन आणि त्यापुढे अति दुष्फेन. भारतीय मानकाने (आय.एस. १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकार्य मर्यादा धरली आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा दिली आहे.

येथे एक भीती दूर केली पाहिजे. दुष्फेन पाणी म्हणजे विषारी पाणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीरास उपयोगीच पडतात. मुतखडा, केस गळणे असे सर्व विकार विक्रेते या पाण्याच्या माथी मारतात. त्यास भक्कम आधार नाही. साबणाचा साका केसांत अडकून ते राठ होतात, एवढे मात्र खरे. दुष्फेन पाण्याचा खरा उपद्रव घरखर्चाला होतो. साबणाचा मोठा भाग चुन्याशी संयोग पावून मळीत जातो. डाळीच्या दाण्यांतील पेशींना जोडणारे द्रव्य कॅल्शियममुळे घट्ट होते, म्हणून डाळ शिजत नाही. पाणी तापले की त्यातील विरघळलेला बायकार्बोनेट मोडून चुनखडी खाली बसते. गीझरच्या कांबीवर तिचे कवच चढते, उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि कांब जळते. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबातही असेच पापुद्रे धरत असत. पण बंब ठोकून, खरवडून साफ होई. गीझरला ते भाग्य नाही.

यंत्रातील पंगत

सॉफ्टनर पाणी गाळत नाही; तो अदलाबदल करतो. या अदलाबदलीचा शोध लागला तो शेतात. इंग्लंडमध्ये थॉम्सन नावाच्या एका जमीनदाराला आढळले की, खताचे पाणी मातीतून झिरपले म्हणजे त्यातील अमोनिया मातीत राहतो आणि त्याच्या बदल्यात चुना बाहेर येतो. वे या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी हाच गुण असलेले कृत्रिम खनिज बनवून पाणी सुफेन करून दाखविले. १९३५ साली अॅडम्स व होम्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी कृत्रिम राळेला, म्हणजे रेझिनला, तो गुण आणता येतो हे सिद्ध केले. आज असे रेझिन आपल्यापासून फार दूर नाही, भरूचपलीकडे अंकलेश्वरला तयार होते.

यंत्राच्या उभ्या नळकांड्यात या रेझिनचे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, पिवळसर मणी भरलेले असतात. प्रत्येक मण्यावर असंख्य जागा असतात आणि आरंभी त्या साऱ्या जागांवर सोडियमचे कण बसलेले असतात. आपण पंगतीची उपमा घेऊ. पाट मांडले आहेत आणि प्रत्येक पाटावर सोडियम नावाचा एकेक पाहुणा बसला आहे. तेवढ्यात दुष्फेन पाण्याबरोबर कॅल्शियम येतो. तो दुहेरी विद्युतभाराचा. त्यास दोन पाट लागतात, आणि पाटांची ओढही त्याच्याकडे अधिक. म्हणून दोन सोडियम उठतात आणि तो एकटा बसतो. मॅग्नेशियमचेही तसेच. उठलेला सोडियम पाण्याबरोबर पुढे निघून जातो. सोडियमची साबणाशी वैरभावना नाही, त्यामुळे पाणी सुफेन होऊन बाहेर पडते.

यथाकाल सर्व पाट कॅल्शियमने भरून जातात आणि यंत्राचे काम थांबते. तेव्हा मिठाची गरज पडते. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याची दाट मिठवणी मण्यांतून सोडली की सोडियमची एवढी गर्दी होते की, संख्येच्या बळावर कॅल्शियमला उठणे भाग पडते. तो मिठवणीबरोबर मोरीत जातो आणि पंगत पुन्हा पहिल्यासारखी मांडली जाते. या क्रियेस पुनर्भारण म्हणतात. तिचे तीन टप्पे: प्रथम पाणी खालून वर उलटे सोडून मणी सैल करावयाचे व गाळ धुऊन काढावयाचा, मग मिठवणी सावकाश, साधारण अर्धा तास, मण्यांतून जाऊ द्यावयाची, शेवटी उरलेले खारट पाणी निघून जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावयाचे. घाई केली तर मीठ वाया जाते आणि मणी अर्धवटच जागे होतात.

मीठ जाते कुठे

आता भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मीठ दोन वाटांनी जाते आणि दोन्ही वाटांवर नजर ठेवली पाहिजे.

पहिली वाट आपल्या पेल्याची. १०० मिलिग्रॅम दुष्फेनता काढली की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. बोअरच्या पाण्याची दुष्फेनता ५०० असेल तर सुफेन झालेल्या प्रत्येक लिटरमध्ये २३० मिलिग्रॅम सोडियम वाढला. पिण्यात व स्वयंपाकात दिवसाकाठी तीन लिटर पाणी पोटात जाते असे धरले, तर हा सोडियम सुमारे पावणेदोन ग्रॅम मिठाइतका होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. म्हणजे तिसरा हिस्सा आमटी-भाजीत चिमूटही न टाकता संपला. पाण्याला खारट चव येतेच असे नाही, त्यामुळे हे ध्यानातही येत नाही. म्हणून ज्या घरी रक्तदाबाचा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, तेथे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी सॉफ्टनरमधून आलेले असू नये, निदान डॉक्टरांना विचारल्यावाचून असू नये. आणि इतर घरांनीही हीच शिस्त पाळणे बरे. उपाय अवघड नाही. नळकामगाराकडून स्वयंपाकघरातील एका तोटीसाठी यंत्राच्या आधीच वेगळी नळी काढून घ्यावी. त्या पाण्यात एकंदर क्षार फार असतील तर त्या तोटीवर लहान आर.ओ. यंत्र बसवावे. आर.ओ. यंत्रास सुफेन पाणी दिले तरी चालते, किंबहुना त्याचा पडदा अधिक टिकतो, आणि आलेल्या सोडियमचा बहुतांश ते काढून टाकते. स्नान, कपडे, भांडी आणि गीझर यांसाठी मात्र सुफेन पाणी निर्धास्त वापरावे. सासूबाईंनी या पाण्याने स्नान केल्यास रक्तदाबाचे काही बिघडणार नाही.

दुसरी वाट मोरीची, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. थोडा हिशेब करू. घरगुती यंत्रात २५ लिटर रेझिन आहे आणि लिटरमागे ते साधारण ५० ग्रॅम दुष्फेनता धरते असे मानू. म्हणजे एकूण १२५० ग्रॅम. पाण्याची दुष्फेनता ५०० असल्यास २५०० लिटर पाणी सुफेन होईल. पाच माणसांचे घर दिवसाला ७०० लिटर वापरत असेल तर साडेतीन दिवसांनी पुनर्भारण आले. प्रत्येक वेळी लिटर रेझिनमागे १५० ग्रॅम, म्हणजे पावणेचार किलो मीठ. महिन्याला तीसएक किलो झाले. चाळीस घरांच्या सोसायटीत प्रत्येकाने यंत्र बसविले तर महिन्याला एक टनाहून अधिक मीठ मोऱ्यांत जाणार! ते गटारात गेले तर निदान शहराबाहेर जाईल; पण अनेक सोसायट्यांतून शोषखड्डे असतात आणि बोअर तेथून हाकेच्या अंतरावर असतो. शोषखड्ड्यात सोडलेली मिठवणी जमिनीत उतरून त्याच बोअरमध्ये परतेल, आणि दुष्फेन पाण्याच्या जागी आपण खारे पाणी उपसू लागू. दुष्फेनता काढण्यास यंत्र आहे. खारेपणा काढावयाचा तर मोठा खर्च आहे. म्हणून सभेत ठराव मांडताना पहिला प्रश्न 'कोणते यंत्र' हा नसून 'मोरीचे पाणी कोठे जाते' हा असला पाहिजे. पावसाचे पाणी जिरविण्याच्या खड्ड्यात ही मिठवणी तर कधीच जाऊ देऊ नये. बागेतही नको, सोडियमने माती चिकट होऊन आवळते आणि झाडे खुरटतात. तुळशीला सुफेन केलेले पाणी घालू नये ते याच कारणाने.

यंत्राची निगा

यंत्र घेतले की काम संपले असे समजणाऱ्यांची यंत्रे वर्षभरात निकामी होतात. निगेची सूत्रे थोडी आणि सोपी आहेत.

मीठ स्वच्छ, जाड खड्याचे घ्यावे. गुजरात देशातील मिठाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा पिकवितो. खाराघोडा आणि छोट्या रणातील आगरांचे मोठ्या खड्याचे मीठ आपल्या बाजारात सहज मिळते. ते मातकट नसावे. जेवणातील बारीक मीठ वापरू नये. ते टाकीच्या तळाशी चिखलासारखे बसते. मिठाच्या टाकीत मीठ नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर दिसले पाहिजे. कधीकधी, विशेषतः पावसाळ्यात, वरचे मीठ गोठून त्याची कमान होते. वरून टाकी भरलेली दिसते आणि खाली पोकळी असते. महिन्यातून एकदा लाकडी काठीने हलकेच दाबून पाहावे, लोखंडी सळईने ठोकू नये. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवावी.

पुनर्भारण दिवस मोजून न करता पाणी मोजून करावे. घड्याळावर चालणारी यंत्रे घर बंद असतानाही मीठ आणि दीडशे-दोनशे लिटर पाणी सांडून मोकळी होतात. पाण्याचे मीटर असलेले यंत्र थोडे महाग पडले तरी परवडते. सोबत दुष्फेनता तपासण्याची छोटी पेटी घ्यावी. तीत नमुन्याच्या पाण्यात औषध घालून थेंब मोजावयाचे असतात. लाल रंग निळा झाला की थांबावयाचे. आठवड्यातून एकदा हे काम घरातील शाळकरी मुलाकडे सोपवावे. आमच्या शाळेतील मुलांना पुस्तकातील 'कायम' आणि 'अस्थायी' दुष्फेनतेचा पाठ कंटाळवाणा वाटतो. पण घरच्या पाण्याचे थेंब मोजावयास सांगितले की तीच मुले वही पुढे ओढतात.

बोअरच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे भरून ठेवलेले पाणी काही वेळाने पिवळट होत असेल, तर लोह आधी वेगळे काढले पाहिजे. नाहीतर ते मण्यांवर गंजासारखे चढते आणि मिठवणीने निघत नाही. यंत्राच्या आधी वाळूची अथवा कापडी गाळणी असावी आणि ती वेळच्या वेळी धुवावी. पाण्यात फार क्लोरीन असल्यास मणी हळूहळू फुटतात, हेही लक्षात ठेवावे. सुट्टीत गावी जाऊन आल्यावर प्रथम पुनर्भारण करून मगच पाणी वापरावे. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. नीट जपल्यास रेझिन आठ-दहा वर्षे चालते. मिठवणी पुरेशी देऊनही पाणी लवकर दुष्फेन होऊ लागले, की मणी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

विकत घेण्यापूर्वी

प्रथम पाणी तपासून घ्यावे. घरगुती परीक्षा अशी: दोन सारख्या बाटल्या घ्याव्या, एकीत पावसाचे अथवा आर.ओ.चे पाणी, दुसरीत आपले. दोहोंत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाकून हलवावे. एकीत फेस टिकला आणि दुसरीत दह्यासारखी फुटकी मळी तरंगली, तर निदान झाले. आकडा मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यावा. ज्यांच्याकडे आजव्याचे किंवा महीचे पाणी येते, त्यांतील बहुतेकांस यंत्राची गरजच पडू नये.

विक्रेत्यांच्या दोन युक्त्यांपासून सावध असावे. काहीजण टी.डी.एस. मोजण्याची कांडी बुडवून मोठा आकडा दाखवितात. ती एकंदर क्षार मोजते, दुष्फेनता नव्हे. आणि सॉफ्टनर बसविल्यावरही तो आकडा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. दुसरे काहीजण पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवितात आणि गृहिणी घाबरते. तो गाळ बहुतांशी कांडीच्या लोखंडाचाच असतो. नळाभोवती लोहचुंबक बांधून पाणी 'मऊ' करून देऊ म्हणणाऱ्यासही एवढेच सांगावे की, बांधण्यापूर्वी व बांधल्यावर आमच्यासमोर थेंब मोजून दाखवा.

आणि अखेरीस, सर्वांत स्वस्त सुफेन पाणी दरवर्षी आपल्या गच्चीवर पडते. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस होतो. १०० चौरस मीटर गच्चीवरून, वाया जाणारे सोडले तरी, सुमारे ७० हजार लिटर पाणी मिळते. अहमदाबाद, खंभात, भरूच येथील जुन्या घरांतून अंगणाखाली टाके असे आणि त्यातील पावसाच्या पाण्यावर वर्षभराचे पिणे व डाळ शिजविणे चाले. त्या लोकांना कॅल्शियमचे नाव माहीत नव्हते, पण कोणत्या पाण्यात डाळ शिजते ते पुरते माहीत होते. नव्या सोसायट्यांनी यंत्राच्या ठरावाबरोबर टाक्याचा ठरावही मांडावा. गाळलेले पावसाचे पाणी बोअरजवळ जिरविले तर बोअरची दुष्फेनताही कालांतराने उतरू शकते.

यंत्र वाईट नाही. ते अडाणीपणे वापरणे वाईट. घरात किती मीठ आले याचा हिशेब आपण ठेवतोच; किती बाहेर गेले आणि कोणाच्या विहिरीत गेले, याचाही ठेवावा. पाणी जमिनीखाली आपल्या आणि शेजाऱ्याच्या कुंपणाने विभागलेले नसते. पुढील अंकी टाके बांधण्याची रीत, गच्चीची स्वच्छता आणि साठविलेले पाणी टिकविण्याचे उपाय यांविषयी लिहावयाचा आमचा विचार आहे. ज्यांच्या घरी जुने टाके अद्याप वापरात असेल, त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.